घटक ४ : छायाचित्राचे विभेदन – संज्ञा, गणित आणि व्यवहार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• ‘विभेदन’ या संज्ञेचा अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• छायाचित्र-विक्री संस्थांची विभेदनाविषयीची अट वाचून तिचा नेमका अर्थ लावता येईल.
• मेगापिक्सेल, मेगाबाइट आणि डीपीआय या तीन मापांतील भेद सांगता येईल.
• विभेदन कोणकोणत्या टप्प्यांवर घटते, हे ओळखून ते टाळता येईल.
• अशा तांत्रिक अटी निःसंदिग्ध मराठीत लिहिता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, छायाचित्राखालची ओळ कशी लिहावी, याचा विचार व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण करतोच. परंतु ओळ लिहिण्याची वेळ येण्यासाठी आधी छायाचित्र स्वीकारले जावे लागते आणि पुष्कळदा ते त्याच पायरीवर अडते.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहेत. कोणी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतात, कोणी दैनिकाला बातम्या पाठवतात, तर कोणाच्या हाती केवळ मोबाइल असतो. पालखी सोहळ्यातील रिंगण, मावळातील भातलावणी, कुंभाराचे चाक, आठवड्याचा बाजार अशी दृश्ये तुमच्या रोजच्या वाटेवर असतात. पाठ्यपुस्तके, नियतकालिके आणि जाहिरातसंस्था अशी छायाचित्रे शोधत असतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणे त्यांना परवडत नाही, म्हणून आधीच काढून ठेवलेली छायाचित्रे ते मोबदला देऊन वापरतात. यांनाच ‘स्टॉक छायाचित्रे’ म्हणतात. ब्रिटनमधील अलामी ही संस्था १९९९ मध्ये, कॅनडातील आयस्टॉक २००० मध्ये आणि न्यूयॉर्कमधील शटरस्टॉक २००३ मध्ये सुरू झाली. फोटोलिया ही संस्था अॅडोबीने विकत घेतली आणि २०१५ मध्ये अॅडोबी स्टॉकची सेवा सुरू झाली. या संस्थांना घरबसल्या छायाचित्रे पाठवता येतात आणि ती विकली गेली की छायाचित्रकाराला ठरावीक वाटा मिळतो.

मात्र पाठवलेले छायाचित्र कोणी माणूस पाहण्यापूर्वी यंत्र ते मोजते. मोजमाप अपुरे ठरले, तर चित्रातील चेहरा किती बोलका आहे, प्रकाश किती सुरेख आहे, याचा विचारच होत नाही. वारी पुढच्या वर्षी पुन्हा येईल. पण त्या वारीतील तो क्षण पुन्हा येणार नाही. म्हणून हे मोजमाप छायाचित्र काढण्यापूर्वी समजलेले असावे. शिवाय ही अट बहुधा एका छोट्या इंग्रजी वाक्यात दिलेली असते आणि नकाराचे मूळ अनेकदा कॅमेऱ्यात नसते, तर त्या वाक्याच्या चुकीच्या वाचनात असते. भाषेच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे वळावे, याचे हे एक सबळ कारण आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संज्ञाविचार

‘रिझोल्यूशन’ हा एकच इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याला संदर्भानुसार वेगवेगळे पर्याय घ्यावे लागतात. ग्रामसभेत मांडला जातो तो ‘ठराव’, नववर्षाच्या आरंभी केला जातो तो ‘संकल्प’ आणि प्रकाशविज्ञानात येते ते ‘विभेदन’. विभेदन म्हणजे भेद करून दाखवणे. जवळजवळच्या दोन गोष्टी एकमेकींत न मिसळता वेगळ्या दिसणे. दुर्बिणीतून दोन निकटचे तारे वेगळे दिसले, तर त्या दुर्बिणीची विभेदनक्षमता चांगली, असे आपण म्हणतो. छायाचित्राबाबतही मूळ कल्पना हीच आहे. नऊवारी लुगड्याच्या काठावरचा एकेक धागा सुटा दिसतो की सगळा काठ एक रंगीत पट्टा होऊन जातो, हा विभेदनाचा प्रश्न आहे.

व्यवहारात मात्र ही संज्ञा अधिक स्थूल अर्थाने, म्हणजे चित्रातील बिंदूंच्या संख्येसाठी वापरली जाते. हा बिंदू म्हणजे पिक्सेल. ‘पिक्चर’ आणि ‘एलिमेंट’ या शब्दांचे अंश जोडून तो शब्द घडला असून १९६० च्या दशकात तो छापील लेखनात आला. मराठीत त्यासाठी ‘चित्रबिंदू’ म्हणता येईल. परंतु बोलण्यात आणि लेखनात ‘पिक्सेल’ रुळला असल्याने या घटकात आपण तोच वापरू.

४.३.२ पिक्सेलांची मोजणी

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळीत पंधरा आणि उभ्या ओळीत पंधरा ठिपके असतील, तर एकूण ठिपके २२५ होतात. डिजिटल छायाचित्र हीही ठिपक्यांची रांगोळीच आहे. फरक इतकाच की तिचा प्रत्येक ठिपका एकाच सपाट रंगाचा चौकोन असतो आणि असे ठिपके लाखोंच्या संख्येने असतात. आडव्या ओळीतील पिक्सेलांची संख्या म्हणजे रुंदी, उभ्या ओळीतील म्हणजे उंची आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण पिक्सेल. ‘मेगा’ म्हणजे दहा लाख. म्हणून ४००० × ३००० या मापाच्या चित्रात एक कोटी वीस लाख, म्हणजेच १२ मेगापिक्सेल असतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मेगापिक्सेल हे लांबीचे माप नसून क्षेत्राचे माप आहे. जमिनीचा व्यवहार करणाऱ्यांना हे सहज उमजेल. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. दोन्ही बाजू निम्म्या केल्या, तर हाती अर्धा गुंठा राहत नाही, पाव गुंठाच राहतो. छायाचित्राचेही तसेच आहे. ४००० × ३००० चे चित्र दोन्ही बाजूंनी निम्मे कापले, की २००० × १५०० उरतात. १२ मेगापिक्सेलांचे एकदम ३ मेगापिक्सेल होतात. ‘थोडेसेच कापले होते’ असे वाटूनही छायाचित्र नाकारले जाते, त्याचे कारण या हिशोबात आहे.

४.३.३ अट काय सांगते?

शटरस्टॉक आणि अॅडोबी स्टॉक या दोन्ही संस्थांची छायाचित्रांसाठीची किमान मर्यादा ४ मेगापिक्सेल, म्हणजे ४० लाख पिक्सेल आहे. अॅडोबी स्टॉकने कमाल मर्यादाही घातली आहे : १०० मेगापिक्सेल आणि ४५ मेगाबाइट. अशा अटी संस्था वेळोवेळी बदलतात. म्हणून छायाचित्रे पाठवण्याच्या दिवशी त्या त्या संस्थेची चालू अट पाहणे इष्ट.

‘किमान ४ मेगापिक्सेल’ या शब्दांत अमुक रुंदी हवी किंवा अमुक उंची हवी, असे म्हटलेले नाही. अट गुणाकाराला आहे. त्यामुळे २००० × २००० चे चौरस चित्र अटीत बसते आणि त्याहून पुष्कळ रुंद असलेले २६०० × १५०० चे चित्र बसत नाही, कारण त्याचा गुणाकार ३९ लाख येतो. तसेच ‘किमान’ हा शब्द सीमेवर सवलत देत नाही. समजा, काटछाटीनंतर चित्र २४४८ × १६३२ झाले. गुणाकार येतो ३९,९५,१३६. दशांश चिन्हानंतर एकच अंक दाखवणारे साधन हे चित्र ४.० मेगापिक्सेलचे आहे असे सांगेल. पण ४० लाखांना ४,८६४ पिक्सेल कमी असल्याने ते नाकारले जाईल. म्हणून पूर्णांकात दिलेल्या आकड्यावर न विसंबता गुणाकार स्वतः करावा.

सोयीसाठी पुढील मापे लक्षात ठेवता येतील :

• ४ : ३ प्रमाणाच्या चित्रासाठी – २४०० × १८०० (४३ लाख २० हजार)
• ३ : २ प्रमाणाच्या चित्रासाठी – २५५० × १७०० (४३ लाख ३५ हजार)
• १६ : ९ प्रमाणाच्या चित्रासाठी – २७२० × १५३० (४१ लाख ६१ हजार ६००)

या मापांच्या खाली जाऊ नये. चित्र जितके लांबट, तितकी त्याची लांब बाजू मोठी लागते.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
अ) २२०० × १९०० आणि २५०० × १५५० या मापांच्या चित्रांपैकी कोणते ४ मेगापिक्सेलच्या अटीत बसते?
आ) ६००० × ४००० च्या चित्राच्या दोन्ही बाजू एक-तृतीयांश केल्या, तर किती मेगापिक्सेल उरतील?

४.३.४ मेगापिक्सेल आणि मेगाबाइट

बोलण्यात ‘एमपी’ आणि ‘एमबी’ इतके जवळ येतात की ऐकणाऱ्याची सहज फसगत होते. मेगापिक्सेल हे चित्रातील बिंदूंचे माप आहे, तर मेगाबाइट हे फाइलने व्यापलेल्या जागेचे. सर्वसाधारण रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी एकेक, असे तीन बाइट लागतात. त्या हिशोबाने १२ मेगापिक्सेलच्या चित्राला तीन कोटी साठ लाख बाइट लागले पाहिजेत. प्रत्यक्षात मोबाइलमधील तीच फाइल तीन-चार मेगाबाइटची दिसते, कारण ती जेपीईजी पद्धतीने संक्षिप्त केलेली असते. निळ्या आभाळाचे चित्र चांगले दबते. गवत, गर्दी, खडी अशा बारीक तपशिलाचे चित्र कमी दबते. त्यामुळे सारख्याच मेगापिक्सेलांच्या दोन फाइली वेगवेगळ्या मेगाबाइटच्या असू शकतात.

अलामी या संस्थेची अट या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिने किमान मर्यादा मेगापिक्सेलमध्ये न देता मेगाबाइटमध्ये दिली आहे : १७ मेगाबाइटहून अधिक. परंतु हे माप संक्षेप न केलेल्या, म्हणजे संगणकात पूर्ण उलगडलेल्या चित्राचे आहे. ३००० × २००० च्या चित्रात ६० लाख पिक्सेल असतात. त्यांना तिनाने गुणले की एक कोटी ऐंशी लाख बाइट होतात. एक मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट, या गणनेने ते सुमारे १७.२ मेगाबाइट भरतात आणि चित्र अटीत बसते. त्याच चित्राची जेपीईजी फाइल दोन मेगाबाइटची असली, तरी बिघडत नाही. ‘उलगडलेल्या’ हे विशेषण ज्याने वाचले नाही, तो आपले पात्र छायाचित्र अपात्र समजून बाजूला ठेवील. वाक्यातील एका विशेषणाला पैशाचे मोल असते, ते असे.

४.३.५ तीनशेचा आकडा कोठून आला?

‘फोटो तीनशे डीपीआयचा पाठवा’ हे वाक्य छापखान्यात नेहमी ऐकू येते. डीपीआय म्हणजे एका इंचातील ठिपके. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका कलेइतक्या कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, भेद कळतो. पुस्तक बारा इंचांवर धरले, तर या कोनात एका इंचाचा सुमारे २८६ वा भाग मावतो. म्हणून इंचाला तीनशे बिंदू असले की ते सुटे न दिसता एकसंध चित्र दिसते. रस्त्यावरील भव्य फलक दुरून पाहायचा असतो. त्याला इतक्या दाट बिंदूंची आवश्यकता नसते.

यावरून कोणत्या चित्राचा कोठे उपयोग होईल, हे ठरते. ए-४ आकाराचे पूर्ण पान इंचाला तीनशे बिंदूंनी छापायचे, तर २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ ८७ लाख पिक्सेल लागतात. २४०० × १८०० चे चित्र मात्र ८ × ६ इंचांपुरतेच पुरते. म्हणजे ४ मेगापिक्सेल हा प्रवेशाचा उंबरठा आहे. नियतकालिकाच्या पूर्ण पानाला त्याच्या दुप्पट तरी हवे.

आता एक व्यापक गैरसमज दूर करू. फाइलमध्ये नोंदवलेला ‘७२ डीपीआय’ किंवा ‘३०० डीपीआय’ हा आकडा केवळ एक चिठ्ठी आहे. ४००० × ३००० च्या फाइलवर ७२ लिहिले, तर ती सुमारे ५५.६ × ४१.७ इंच छापावी असा तिचा अर्थ होतो; ३०० लिहिले, तर १३.३ × १० इंच. पिक्सेल दोन्ही वेळा एक कोटी वीस लाखच राहतात. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतले धान्य वाढत नाही. यास्तव ७२ चे ३०० केले आणि चित्र ‘हाय रिझोल्यूशन’ झाले, ही समजूत निराधार आहे. चिठ्ठी बदलताना आज्ञावली पिक्सेलही बदलत नाही ना, एवढे मात्र तपासावे.

४.३.६ विभेदन कोठे घटते?

आजच्या बहुतेक मोबाइलचा कॅमेरा १२ मेगापिक्सेल किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असतो. तरीही संस्थेकडे पोहोचणारे छायाचित्र तोकडे पडते, ते वाटेतील गळतीमुळे. गळतीच्या प्रमुख जागा पुढीलप्रमाणे आहेत :

१) संदेशसेवा : व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्राची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलांपर्यंत घटवली जाते. १६०० × १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. अटीच्या निम्मेही नाहीत. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा तारेने संगणकात घ्यावी.

२) डिजिटल झूम : बोटांनी पडदा ताणून दृश्य जवळ आणणे, ही बहुधा काढतानाच केलेली काटछाट असते. शक्य असेल तेथे चार पावले पुढे जावे.

३) व्हिडिओतील चौकट : फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० × १०८० ची, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेलांची असते. ‘व्हिडिओतून फोटो काढून घेऊ’ हा विचार म्हणूनच विश्वासार्ह नाही. ३८४० × २१६० च्या फोर-के व्हिडिओची चौकट संख्येने पुरते, पण हलत्या दृश्यात ती बहुधा अस्पष्ट असते.

४) जुन्या छापील प्रतीचे स्कॅनिंग : ६ × ४ इंचांची प्रत इंचाला ३०० बिंदूंनी स्कॅन केली, तर १८०० × १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल मिळतात, ६०० ने केली, तर ३६०० × २४०० म्हणजे ८६ लाख ४० हजार. येथेही दुपटीने चौपट होते. अर्थात अशा चित्राचे हक्क तुमच्याकडे असतील, तरच ते विक्रीला पाठवावे.

५) पुनःपुन्हा जतन करणे : जेपीईजी फाइल उघडून, बदलून पुन्हा जतन केली की प्रत्येक वेळी तपशील थोडा थोडा गळतो. पिक्सेलांची संख्या तीच राहते, पण कडांभोवती चौकोनी डाग उमटू लागतात. मूळ फाइल अस्पर्श ठेवून प्रतीवर काम करावे.

४.३.७ घटलेले विभेदन वाढवता येते का?

२००० × १५०० चे चित्र आज्ञावलीच्या साहाय्याने ४००० × ३००० करता येते. मोजणीत ते १२ मेगापिक्सेल भरते आणि यंत्राच्या पहिल्या तपासणीतून सुटतेही. परंतु नव्याने भरलेले ९० लाख पिक्सेल कॅमेऱ्याने पाहिलेले नसतात. शेजारच्या पिक्सेलांवरून त्यांचे अनुमान केलेले असते. गणितात या क्रियेला ‘अंतर्वेशन’ म्हणतात.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पाठचिकित्सेच्या आधारे चटकन कळेल. हस्तलिखिताचे पान कसरीने खाल्ले आणि नकलकाराने गाळलेल्या जागी आपल्या बुद्धीने शब्द भरले, तर ओवी पुरी होते. पण ते शब्द कवीचे नसतात. अशा भरणीला आपण ‘प्रक्षेप’ म्हणतो. इंग्रजीत ‘इंटरपोलेशन’ हा एकच शब्द दोन्ही क्रियांसाठी चालतो. मराठीने दोन शब्द राखले आहेत. स्वभाव मात्र दोहोंचा एकच. छायाचित्र परीक्षकही पूर्ण आकारात चित्र पाहून मऊ पडलेल्या कडा, मेणासारखी त्वचा, एकमेकांत विरलेले केस यांवरून ही भरणी ओळखतात. पुढे तेच चित्र वृत्तासाठी किंवा पाठ्यपुस्तकासाठी वापरले गेले, तर न घडलेला तपशील घडला म्हणून छापला जाईल. म्हणून किमान मर्यादा गाठण्यासाठी चित्र ताणू नये. चित्र कमी भरत असेल, तर ते पाठवू नये.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते सकारण सांगा.
अ) ७२ चा आकडा ३०० केल्याने चित्रातील पिक्सेल वाढतात.
आ) दोन मेगाबाइटची जेपीईजी फाइल अलामीच्या १७ मेगाबाइटच्या अटीत बसू शकते.

४.३.८ अट मराठीत लिहिताना

दिवाळी अंकाचे संपादक, छायाचित्र स्पर्धेचे आयोजक किंवा ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेचे कार्यकर्ते म्हणून तुमच्यावर अशी अट लिहिण्याची वेळ येऊ शकते. ‘फोटो मोठ्या आकाराचा व स्वच्छ असावा’ हे वाक्य आपण सर्रास वाचतो. त्यातील ‘आकार’ या शब्दाचे निदान तीन अर्थ होतात : पिक्सेलांची संख्या, फाइलची जागा आणि छापील लांबी-रुंदी. ‘स्वच्छ’ या शब्दाने तर काहीच मोजता येत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘छायाचित्राच्या रुंदीतील व उंचीतील पिक्सेलांचा गुणाकार ४० लाखांपेक्षा कमी नसावा. फाइल जेपीईजी स्वरूपात असावी व ती कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ मापाची असावी; माप कृत्रिमरीत्या वाढवलेले नसावे. मोबाइलवरून पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.’

या मजकुरात कोणते माप, किती, कोणत्या स्थितीतील आणि कसे पाठवायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात. वाचणाऱ्याला फोन करून विचारावे लागत नाही, हीच तांत्रिक सूचनेच्या भाषेची कसोटी होय.

४.४ सारांश

विभेदन म्हणजे जवळचे तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता; व्यवहारात ती पिक्सेलांच्या संख्येने सांगितली जाते. ही संख्या रुंदी व उंची यांचा गुणाकार असल्याने बाजू निम्म्या झाल्या की ती चौथाईवर येते. प्रमुख संस्थांची किमान अट ४ मेगापिक्सेल असून तिची मोजणी स्वतः करावी. मेगाबाइट हे फाइलचे माप असते आणि डीपीआय हे छपाईचे. त्यांची मेगापिक्सेलशी गल्लत करू नये. विभेदन मुख्यतः पाठवताना, कापताना आणि झूम करताना गमावले जाते व एकदा गमावलेले पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवणे, हीच सर्वांत मोठी खबरदारी.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ – अ) २२०० × १९०० चे चित्र, गुणाकार ४१ लाख ८० हजार. दुसऱ्याचा ३८ लाख ७५ हजार येतो. आ) २४ चा नववा भाग, म्हणजे सुमारे २.७ मेगापिक्सेल.
२ – अ) चूक, तो केवळ छपाईच्या मापाचा निर्देश आहे. आ) बरोबर, अट उलगडलेल्या चित्राला लागू आहे.

४.६ सरावासाठी प्रश्न व उपक्रम

१) ‘मेगापिक्सेल हे लांबीचे नव्हे, क्षेत्राचे माप आहे.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२) अंतर्वेशन आणि प्रक्षेप यांतील साम्य विशद करा.
३) तुमच्या मोबाइलमधील कोणतीही दहा छायाचित्रे निवडा. प्रत्येकाची रुंदी व उंची पाहून गुणाकार करा आणि त्यांपैकी किती अटीत बसतात, याचा तक्ता तयार करा. न बसणाऱ्या छायाचित्रांचे विभेदन कोणत्या टप्प्यावर घटले असावे, ते समोर नोंदवा.
४) तुमच्या गावातील छायाचित्र स्पर्धेसाठी सुमारे शंभर शब्दांत नियमावली लिहा व ती घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा. त्यांना जेथे शंका येईल, ते वाक्य पुन्हा लिहा.